टाका धरतोय का?

आमच्या घरात वस्तू टाकून देत नसत, तिची बदली व्हायची. काकांच्या धोतराचा आधी पंचा, पंचाचं गाळणं, गाळण्याचं पायपुसणं, आणि त्यातूनही जी चिंधी उरे ती सायकलची चेन पुसायला. अशा घरात पाठीवरची सॅक कधी बदलायची, हा प्रश्न कोणी सरळ विचारतच नसे. १९७५ ते १९९५च्या दरम्यान डोंबिवली, ठाणे, दादर किंवा पुण्याच्या पेठांमधल्या ज्या घरांतली पोरं शनिवारी रात्री सॅक लावून बाहेर पडायची, त्या बहुतेक घरांत हेच होतं. सॅक एक आणि पाठी चार. दादा मोठा म्हणून ती त्याची. त्याची परीक्षा असली की ताईची. ताईचं लग्न ठरलं तेव्हा आतेभावाने पहिला प्रश्न विचारला तो सॅकचा.

घरातली पहिली सॅक खाकी कॅनव्हासची. मिलिटरी डिस्पोजलमधून आणलेली, म्हणून तिला घरात सगळे ‘डिस्पोजल’च म्हणायचे. पाठीला गादी नाही, कमरेला पट्टा नाही. तोंडाला दोरी, वर झाकण, आणि हिरवट पडलेली पितळी बकलं. आत तांदूळ, मुगाची डाळ, कांदे-बटाटे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला रॉकेलचा स्टोव्ह. पातेलं बाहेर बांधलेलं, ते चालताना एका लयीत ठणठणायचं. स्टोव्ह झिरपायचाच. आमच्या पिढीच्या कितीतरी लोकांना गडावरची खिचडी म्हटलं की रॉकेलचा वास आठवतो, तो याच कृपेने.

कॅनव्हासबद्दल एक न्यायाची गोष्ट सांगायला हवी. ते भिजलं की सुताचे धागे फुगतात आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात. म्हणून चांगलं जाड कॅनव्हास पावसात लोकांना वाटतं तितकं गळत नाही. पाठ घासते तिथून मात्र पाणी आत उतरतं. आमचा बंदोबस्त म्हणजे युरियाच्या गोणीतली आतली प्लॅस्टिकची पिशवी, स्वच्छ धुऊन सॅकच्या आत अस्तरासारखी लावलेली. कपडे कोरडे राहायचे. सॅक मात्र पाणी पिऊन अशी जड व्हायची की रविवारी संध्याकाळी परतीच्या गाडीत ती वर ठेवायला दोघे लागत.

आणि कॅनव्हासचा काळ तिथेच, घरी आल्यावर सुरू व्हायचा. रविवारी रात्री ओली सॅक मोरीच्या कोपऱ्यात टेकायची, सोमवारी कॉलेज, मंगळवारी विसर. जुलैच्या हवेत चार-पाच दिवस ओलं सूत म्हणजे बुरशीला आवतणच. आधी कुबट वास, मग काळे ठिपके. दिसायला कापड अगदी धडधाकट, आणि अंगठा जोरात दाबला की आरपार.

याची परीक्षा घरात आत्या घ्यायची. आत्या शिवणकाम करायची; ‘उषा’ मशिनवर निम्म्या वाडीचे फ्रॉक आणि उशांचे अभ्रे तिने शिवले होते. डोंगराशी तिचा संबंध म्हणजे ‘परत कधी येणार’ एवढा एकच प्रश्न. पण फाटकी सॅक तिच्यापुढे ठेवली की ती भोकाकडे बघायचीसुद्धा नाही. भोकाशेजारचं कापड दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायची, जुन्या टिपेवर नख फिरवायची आणि मग सांगायची: ‘टाका धरतोय, ठेवा’ किंवा ‘टाका धरत नाही, न्या’. धरत असेल तर मशिनला अठरा नंबरची सुई लागायची आणि ठिगळ बसायचं. नसेल तर ती सुई दवडत नसे. विरलेल्या कापडावर ठिगळ मारलं की ठिगळ शाबूत राहतं आणि त्याच्या कडेने नवीन फाट जाते, हे तिला उशांच्या अभ्र्यांनी शिकवलेलं होतं.

मला अजून तरी सॅकची याहून चांगली परीक्षा सापडलेली नाही. भोक किती मोठं, डाग किती, रंग किती गेला हे सगळं दुय्यम. काटेरी झुडपाने ताज्या कापडाला पाडलेली वीतभर फाट म्हणजे काहीच नाही. आपोआप उसवलेली बोटभर टीप, तीही टिपेच्या भोकांशी कापडच सुटून आलेली, ही मात्र नोटीस.

ऐंशीच्या सुमारास घरात फ्रेमवाली आली. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट आणि तिच्यावर अडकवलेली पिशवी. अमेरिकेत डिक केल्टी हा माणूस १९५२पासून अशा सॅका विकत होता, आणि १९६७मध्ये ग्रेग लोवने ती चौकट सॅकच्या पोटात घातलीसुद्धा होती. डोंबिवलीला आम्ही बाहेरच्या चौकटीवर खूश होतो. सपाट रस्त्यावर ती उत्तम. पाठीला वारा लागायचा. पण भीमाशंकरला शिडीघाटाने चढताना तिचं डोकं वरच्या कातळाला अडायचं, कारवीतून जाताना फांद्या पकडायची, आणि दर पावलाला कुरकुरायची. पुढे चालणाऱ्याला मागे वळून न बघता कळायचं की मागे कोण आहे.

ही सॅक पिशवीमुळे नाही, खिळ्यांमुळे मरायची. पिशवी चौकटीला धरून ठेवणाऱ्या पिना एकेक करून गळायच्या आणि त्यांच्या जागी तारेचे तुकडे, सायकलचे स्पोक, एकदा तर ताईची केसांची पिन. चौकटीचा सांधा तडकला की संपलं. कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला ग्रिल आणि खिडक्या जोडायचा, पण ॲल्युमिनियम म्हटलं की हात वर करायचा. आमची चौकट पुढे बरीच वर्षं गॅलरीत कपडे वाळत घालायला होती. म्हणजे इथेही बदलीच.

मग नव्वदीच्या आसपास नायलॉन. निळी-मरून, फोमचे पट्टे, चुटकन लागणारी प्लॅस्टिकची बकलं, आणि चेनच्या रनरवर वायकेके अशी तीन अक्षरं, जी आम्ही सोन्यावरच्या हॉलमार्कच्या भक्तीने बघायचो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कमरपट्टा. तो आवळला की वजन खांद्यांवरून उतरून कमरेच्या हाडांवर बसतं. हे कळल्यावर आधी केलेल्या सगळ्या ट्रेकचा एकदम राग आला.

या सॅकांची शिलाई जिथे तुटायची ती जागा ठरलेली, आणि तिला कारण डोंगर नव्हता, एसटी होती. कंडक्टर ‘सामान टपावर’ म्हणायचा. वर चढवताना एक जण शिडीवर, एक खाली. उतरवताना मात्र घाई असायची. घोटीला गाडी किती थांबणार? मग एकच पट्टा धरून भरलेली सॅक हिसका देऊन ओढायची. सगळं वजन त्या एका पट्ट्याच्या मुळावर, जिथे तो पाठीच्या कापडात शिवलेला असतो. चांगल्या सॅकला तिथे आडवी, दाट, पुन्हा पुन्हा मारलेली टीप असते. कपड्यांच्या कारखान्यातले लोक तिला बारटॅक म्हणतात. हिसक्यांनी आधी तिचा एक धागा सुटतो, मग तीन, मग टिपेखालचं कापड लांबट होऊन भोकं डोळ्यांसारखी उघडी पडतात. बाहेरून काही दिसत नाही, कारण वर गादी असते. पट्टा उलटा करून बघावं लागतं.

राजगडाहून तोरण्याला जाताना, बुधला माची समोर दिसत असताना, मावसभावाचा पट्टा असाच सुटला. सॅक पडली नाही. एका खांद्यावर लोंबकळली. ते जास्त वाईट. धारेवर एका बाजूला ओढणारं ओझं घेऊन चालणं म्हणजे दर पावलाला दरीशी वाद घालणं. शेवटी सामान वाटून घेतलं, पट्टा सुतळीने बांधला आणि सुतळीखाली टॉवेल घातला. रविवारी रात्री त्याच्या खांद्यावर सुतळीचा पीळ स्पष्ट उमटलेला होता. तेव्हापासून दादाने घरात नियम केला: निघायच्या आदल्या दिवशी सॅकमध्ये दहा किलो तांदूळ भरायचे, एका पट्ट्याने उचलायचं आणि दोन झटके द्यायचे. तुटायचंच असेल तर स्वयंपाकघरात तुटू दे. आई तांदूळ सांडतील म्हणून कुरकुरायची, पण डबा काढून द्यायची.

सुटलेल्या पट्ट्याला उपाय होता: स्टेशनबाहेरचा मोची. तो आतून चामड्याचा तुकडा लावायचा, मेण लावलेला दोरा आरीने ओवत चौफेर टीप घालायचा, आणि ती टीप मूळ सॅकपेक्षा जास्त टिकायची. शेजारीच चेनवाला बसायचा. चेन उघडी पडते म्हणून आख्खी सॅक बाद करणारी माणसं तेव्हाही होती. चेनवाला पकडीने रनर दोन्ही बाजूंनी किंचित दाबायचा आणि चेन पुन्हा लागायची. ‘दात चांगले आहेत, रनर ढिला झालाय,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि ते बहुतेक वेळा खरं असायचं. दुसऱ्यांदा ढिला झाला की रनर बदलायचा. बकल फुटलं तर बकल. ही सगळी कामं किरकोळ. सॅक बदलायला ही कारणं पुरत नाहीत असं माझं ठाम मत आहे.

फोमचं मात्र तसं नाही. पट्ट्यातला फोम दबून पापडीसारखा झाला की तो परत फुगत नाही. विशीत हे कळत नाही, कारण विशीतल्या खांद्याला स्वतःचाच फोम असतो. पन्नाशीत तासाभरात हाताला मुंग्या येतात आणि माणूस वयाला बोल लावतो. पट्टा अंगठा आणि तर्जनीत चिमटावा. दोन्ही बोटं एकमेकांना जाणवली की दोष वयाचा नाही.

तसंच झाकणाचं. सॅकचं झाकण सतत उन्हाला असतं, आणि ऊन नायलॉनचा नुसता रंग नेत नाही, धागाही कमकुवत करतं. फिकट झालेलं झाकण ट्यूबलाइटसमोर धरलं की बारीक उजेडाचे ठिपके दिसतात. आमच्याकडे त्या फिकटपणाचा अभिमान असायचा, ‘बघ किती ऊन खाल्लंय’.

सगळ्यात विचित्र मरण या नायलॉनच्या सॅकांना नंतर आलं, आणि ते वापरून नाही, ठेवून. नोकऱ्या लागल्या, मुलं झाली, सॅका माळ्यावर गेल्या. दहा-बारा वर्षांनी कोणीतरी हौसेने खाली काढल्या तर आतून चिकट, हाताला पांढरे पापुद्रे लागणारे, आणि ओकारीसारखा आंबूस वास. घरोघरी उंदरांना आणि पालींना शिव्या पडल्या. दोष त्यांचा नव्हता. पाणी आत येऊ नये म्हणून नायलॉनला आतून पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो, आणि हवेतल्या दमटपणाने तो लेप हळूहळू विघटित होतो. मुंबई-कोकणच्या हवेत, त्यात पत्र्याखालच्या उबदार माळ्यावर, तर फारच. दर आठवड्याला बाहेर पडून वारा खाणारी सॅक यातून वाचण्याचा संभव जास्त. जपून, घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली आधी जाते. जपणाऱ्या घरांवर हा जरा अन्यायच आहे.

पण लेप गेला म्हणजे सॅक गेली असंही नाही. खरवडून, धुऊन, उन्हात वाळवून कापड टाका धरत असेल तर आत प्लॅस्टिकची पिशवी लावून डिसेंबरात हरिश्चंद्रगडाला खुशाल न्यावी. युरियाच्या पिशवीवर वाढलेल्या पिढीने लेपासाठी रडू नये.

आता घरातली पुढची पिढी उलट्या टोकाला आहे. पुतणी दोन पावसाळ्यांत सॅक बदलते, कारण नवीन मॉडेलला बाजूला पाण्याच्या नळीची सोय असते. आम्ही मेलेली वापरली, ही जिवंत टाकते. आणि टाकताना वर दानाचा हिशेब: ‘गडाखालच्या गावात देऊ या ना कोणाला.’ यावर आमच्या घरात खरं भांडण झालं. चांगली सॅक द्या, जरूर द्या. पण जिच्या पट्ट्याचं मूळ सुटलंय ती आपण दहा किलोला नाकारायची आणि ज्या माणसाला तिच्यात वीस किलो भरून घाट चढायचाय त्याला द्यायची, हे दान कसलं? त्यापेक्षा त्याची डोक्यावरची पाटी आणि चुंबळ शतपट भरवशाची.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत दादाची निळी-मरून खाली आली. लेप गेलेला, फोम बसलेला, मोच्याची टीप मात्र जशीच्या तशी. आत्या आता ऐंशीच्या पुढे. तिने चष्मा न लावताच बोटांनी चाचपलं, पाठीचं कापड ताणलं, ते टिपेच्या रेघेवर सरळ फाटत गेलं. ‘न्या,’ म्हणाली. पुतणीने कात्री घेतली. चारही बकलं निघाली, दोन रनर निघाले, छातीचा पट्टा निघाला, पाठीतली ॲल्युमिनियमची पट्टी दादाने स्कूटरच्या डिकीत टाकली, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नाही. मोच्याने लावलेला चामड्याचा तुकडा ताईने मागून घेतला. उरलेलं गाठोडं पेपरच्या रद्दीबरोबर भंगारवाल्यापुढे ठेवलं. त्याने रद्दी तोलली, गाठोडं पायाने बाजूला सारलं. ‘इसका कुछ नहीं आता,’ म्हणाला, आणि दादा त्याच्याशी घासाघीस करायला बसला.