न काढलेलं चित्र

राजा, तुझा चेहरा कुठेच नाही.

जटपुरा दरवाजावर सिंह आहे. हत्तीला पंजाखाली दाबून उभा, तुझ्या वंशाचं चिन्ह. त्याच्या आयाळीच्या खाचांत काळपट धूळ साचली आहे, आणि खालून दिवसभर हॉर्न वाजवत चंद्रपूर जातं-येतं. सिंह उरला. हत्ती उरला. तू नाहीस.

खांडक्या बल्लाळशहा, दंतकथेत तू आहेस. पण तिथेही वाकलेला, पाण्याकडे तोंड केलेला. बल्लारपूरहून शिकारीला निघालेला, तहानेनं व्याकूळ. अंगभर गाठी. झरपटच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी दिसतं. तू पितोस. तोंड धुतोस, हातपाय धुतोस. त्या रात्री तुला गाढ झोप लागते.

सकाळी राणी पाहते.

काय पाहिलं असेल तिनं? ज्या चेहऱ्यावर हात ठेवताना आपलीच बोटं दुखावीत असा तो चेहरा, वैद्यांनी हात टेकलेला, आरशानं टाळलेला, उजाडताना कोवळ्या उन्हात असा निवळलेला की तिनं आधी श्वास ऐकला असेल, मग कपाळ पाहिलं असेल, मग गाल, मग पुन्हा कपाळ, आणि हा आपलाच माणूस ना, या एका शंकेत तिचं सगळं सुख क्षणभर थरथरत उभं राहिलं असेल. तेवढंच तुझं चित्र. एका बाईच्या डोळ्यांत काढलेलं. ते डोळे मिटले, आणि चित्रही गेलं.

झरपटच्या काठी अंचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं. परकोट उभा राहिला. चैत्रात महाकालीच्या यात्रेला लांबून माणसं येतात, तुझ्या नदीत उतरतात, ओंजळीनं तोंड धुतात. तुझ्यासारखीच. त्यांना तू माहीत नसतोस.

दूर, फार दूर, फ्रँकांचा एक राजा होता. क्लोविस. तो 511 साली गेला. 1835 साली एका चित्रकारानं त्याला रंगवलं, व्हर्सायच्या राजवाड्यासाठी. तेराशे वर्षांनंतर! नजर दिली, नाक दिलं, ओठ दिले. कुणाचे होते ते? त्याच्या बापाचं, चिल्डेरिकचं, थडगं 1653 साली सापडलं होतं. आत सोन्याची अंगठी, तिच्यावर लांब केसांचा, हाती भाला घेतलेला राजा. नखाएवढा. पण त्याच्याच काळात कोरलेला. 1831 साली ती पॅरिसमधून चोरीला गेली. परत आली नाही. ठसे तेवढे मागे राहिले. बापाचा चेहरा हरवला, आणि चारच वर्षांत मुलाला नवा मिळाला.

मला त्या चित्राचा हेवा वाटतो, राजा. आणि भीतीही.

तुझ्याच वंशात पुढे राणी हिराई झाली. तिचा नवरा बीरशहा मारला गेला. तिनं त्याची समाधी बांधली, अंचलेश्वराच्या आवारातच. किती दगड घडवले असतील! घुमटावर ऊन चढतं, उतरतं. दगडाला घुमटाची गोलाई देता येते. नवऱ्याच्या हसण्याची नाही. हे तिच्याइतकं कुणाला कळलं असेल?

म्हणून तुझं चित्र मागायला माझी जीभ रेटत नाही. उद्या कुणी काढीलही. भरदार मिशा, फेटा, तेजस्वी डोळे. चौकात लागेल, हार पडतील, पोरं ते पाठ करतील. मग तू कसा होतास, हे कुणी विचारणार नाही. क्लोविसला आता कोण विचारतं?

तुला अजून विचारावं लागतं. तेवढा तू आमचा आहेस. उत्तर येत नाही, म्हणून पुन्हा विचारावं लागतं. आणि दर वेळी तू नव्यानं नसतोस.