पट्टी कोणी वाचली?

ईसीजीच्या पट्टीवर, वरच्या कोपऱ्यात, यंत्रानं स्वतःहून छापलेली एक ओळ असते. ‘नॉर्मल’ किंवा ‘ॲबनॉर्मल’ असं काहीतरी तिथं येतं आणि खाली बारीक अक्षरांत सूचना असते, की डॉक्टरांनी तपासून खात्री करावी. सातारा-सांगलीकडे छातीत कळ आलेल्या माणसाचा निकाल कित्येकदा त्या एका ओळीवर लागतो, आणि याचा मला आजही संताप येतो. ‘काही नाही, पित्त आहे’ म्हणून गोळी मिळते, माणूस घरी येतो, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. बाराच्या बारा लीड कुणी नजरेखालून घातल्या का, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं, की पट्टी जिथं निघते तिथंच, ज्याच्यासमोर रुग्ण झोपलेला आहे त्यानंच ती आधी वाचली पाहिजे. आणि हे काम तालुक्याच्या डॉक्टरलाच काय, अनुभवी सिस्टरलाही जमण्याजोगं आहे.

मूळ गोष्ट अवघड नाही. १८८७ मध्ये लंडनला ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयातली वीज नोंदवून दाखवली. पुढं लायडनच्या विलेम आइन्थोवेन यांनी ती अचूक टिपणारं उपकरण बनवलं, लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं दिली आणि १९२४ चं नोबेल मिळवलं. ती नावं आजही तीच आहेत. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगानं सरकतो, म्हणून लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि पाच लहान चौकोनांचा मोठा ०.२० सेकंदाचा. उंचीत १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. दोन उंच टोकांमध्ये किती मोठे चौकोन आहेत ते मोजायचं आणि ३०० ला त्यानं भागायचं, की ठोके मिळाले : चार चौकोन असतील तर ७५. ठोके अनियमित असतील तर हा हिशोब चालत नाही. मग दहा सेकंदांच्या पट्टीतली टोकं मोजून सहानं गुणायचं. प्रत्येक टोकाआधी पी लाट आहे का, पी सुरू झाल्यापासून टोक सुरू होईपर्यंतचं अंतर तीन ते पाच लहान चौकोनांत बसतं का, टोक तीन लहान चौकोनांपेक्षा रुंद तर नाही ना, हे त्याच क्रमानं पाहायचं. रोज दोन पट्ट्या अशा वाचल्या तर महिन्याभरात डोळा बसतो.

खरा जीव अडकलेला असतो तो टोक संपल्यापासून टी लाट सुरू होईपर्यंतच्या तुकड्यात. त्याला एसटी म्हणतात. एरवी तो तळरेषेवर असतो. हृदयाची मोठी धमनी पूर्ण बंद पडली की त्या भागाकडे पाहणाऱ्या लीडमध्ये तो वर उचलला जातो. बारा लीड म्हणजे एकाच हृदयाकडे बारा जागांवरून पाहणं; साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला शहरातून वेगळा दिसतो आणि मागच्या बाजूनं वेगळा, तसं. टू, थ्री आणि एव्हीएफ खालची भिंत दाखवतात, व्ही वन ते व्ही फोर पुढची, आणि वन, एव्हीएल, व्ही फाइव्ह, व्ही सिक्स बाजूची. शेजारशेजारच्या दोन लीडमध्ये एसटी उचललेला आणि समोरच्या बाजूच्या लीडमध्ये दबलेला दिसला, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. खालच्या भिंतीचा झटका दिसला तर छातीची एक वायर उजव्या बाजूला लावून आणखी एक नोंद घ्यायची, कारण हृदयाचा उजवा कप्पाही झटक्यात सापडला असेल तर जिभेखाली ठेवलेल्या सॉर्बिट्रेटनं रक्तदाब धाडकन उतरू शकतो. आपल्याकडे ती गोळी शेजारीपाजारीही एकमेकांना देतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पण वाचायच्या आधी पट्टी नीट निघायला हवी, आणि इथं बायकांच्या वाट्याला जे येतं त्यावर मला सविस्तर लिहायचंय. व्ही वन आणि व्ही टू छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना चौथ्या फासळीखालच्या जागेत, व्ही फोर पाचव्या जागेत गळपट्टीच्या हाडाच्या मध्याखालच्या रेषेत, आणि व्ही फाइव्ह, व्ही सिक्स त्याच पातळीवर काखेकडे, असं ठरलेलं आहे. जागा बोटांनी फासळ्या मोजत शोधायची असते. प्रत्यक्षात काय होतं? खोलीला पडदा नसतो, दाराशी नातेवाईक उभे असतात, पट्टी काढणारा पुरुष असतो. बाई पदर सोडत नाही, पोलक्याचे वरचे दोन हूक निघतात, आणि रबरी बल्ब जिथं कातडी दिसेल तिथं चिकटवले जातात, म्हणजे एक-दोन फासळ्या वर. व्ही फोर स्तनाच्या खाली लागायला हवा, तो वर लागतो. मग पट्टीत आर लाट पुढं सरकताना वाढत नाही आणि यंत्र ‘जुना झटका’ छापून मोकळं होतं. ज्या बाईला काही झालेलं नाही ती जन्मभर हृदयरोगी ठरते. जिला खरंच झालंय तिची खूण चुकीच्या जागेवरून दिसत नाही. त्यात एसटी किती उचलला तर झटका धरायचा, ही व्ही टू, व्ही थ्री मधली मर्यादाच बायकांसाठी वेगळी आहे : चाळिशीपुढच्या पुरुषात दोन मिलिमीटर, बाईत दीडच. ती दीडची खूण ढिला बल्ब आणि थरथरणारी रेषा यांत सहज हरवते. वर तिची तक्रारही बऱ्याचदा छातीतली कळ नसते. जबडा, पाठ, मळमळ, धाप, नुसता थकवा असं काहीतरी असतं, आणि मधुमेह असेल तर तेवढंही नाही. ऊसतोडीवरून आलेली बाई ‘दम लागतोय’ म्हणाली तर तो कामाचा दम समजला जातो. यावर उपाय अगदी फुटकळ आहेत. एक पडदा, पट्टी काढायला एक बाई, अंगावर टाकायला स्वच्छ चादर, पुरेसं जेल, आणि दोन शब्दांत समजावणं, की हे का करावं लागतं. यंत्र विकत घेणाऱ्याला पडदा परवडत नाही असं कुणी मला सांगू नये.

आता आक्षेप. पहिला असा, की आजची यंत्रं हुशार आहेत, मग डोळे कशाला शिणवायचे? ठोके आणि अंतरं मोजण्यात ती माणसापेक्षा सरस आहेत हे मान्य. पण हात थरथरला, उजव्या-डाव्या हाताचे चिमटे उलटे लागले, की ती फसतात. लाल चिमटा उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या पायाला. लाल-पिवळा उलटला की लीड वनमधलं सगळं खाली तोंड करून येतं, आणि ही चूक तयार डोळ्याला एका नजरेत कळते. शिवाय यंत्राला समोरचा माणूस दिसत नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या तरुणाचे ठोके विश्रांतीत पन्नासच्या खाली असू शकतात, त्याचा एसटी थोडा उचललेला असू शकतो, आणि तो ठणठणीत असतो. उलट घामानं निथळणाऱ्या माणसाची पहिली पट्टी अगदी साफ येऊ शकते. म्हणूनच दुखणं चालू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा पट्टी काढायची असते. एका पट्टीवर ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवणं मला अक्षम्य वाटतं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. अँजिओप्लास्टी हाच उत्तम उपचार, मग तालुक्याला पट्टी वाचत बसण्यापेक्षा गाडी सरळ सांगलीला का काढू नये? धमनी उघडण्याची सोय १२० मिनिटांत मिळणार असेल तर जरूर काढावी. पण जतहून मिरज ८० किलोमीटरच्या आसपास. दहिवडीहून सातारा साठ-सत्तर. पाटणच्या आतल्या वाड्यांतून कराडला येणं पावसाळ्यात काय असतं ते तिथल्यांना विचारा. पोचणं, दाखल होणं, पथक जमणं यात दोन तास कधीच उलटतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रीम’ चाचणीत, दुखणं सुरू होऊन तीन तासांच्या आत आलेल्या पण तासाभरात अँजिओप्लास्टी न मिळणाऱ्या १,८९२ रुग्णांना दोन गटांत विभागलं होतं. आधी गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेस देऊन मग अँजिओग्राफी केलेल्यांत मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत १२.४ टक्के, थेट अँजिओप्लास्टीच्या गटात १४.३, म्हणजे आधी इंजेक्शन घेतलेले मागं पडले नाहीत. मेंदूतला रक्तस्राव मात्र त्यांच्यात थोडा जास्त दिसला आणि पंचाहत्तरीपुढच्यांचा डोस चाचणी चालू असतानाच निम्मा करावा लागला. हा धोका लपवण्यासारखा नाही. पण तो शेकडा एकाच्या आसपास, आणि बंद धमनी घेऊन दोन-तीन तास खड्ड्यांतून जाण्याचा धोका त्याहून मोठा. पट्टीचा फोटो कराड-सांगलीच्या फिजिशियनला पाठवून दोघांनी मिळून निर्णय घेता येतो. तामिळनाडूत जोडलेल्या रुग्णालयांच्या साखळीनं हे करून दाखवलं, त्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातही सरकारनं त्या धर्तीवर काम सुरू केलं आहे.

तिसरा आक्षेप कुजबुजत घेतला जातो : खेड्यातल्या डॉक्टरला हे झेपणार नाही. महाबळेश्वरचा घाट उतरून महाडकडे पाहावं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णांच्या खाटेशी बसून लाल विंचवाच्या दंशानं हृदयावर काय होतं ते टिपलं, आणि १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’नं छापलं. त्यातूनच दुसरी गोष्ट शिकण्यासारखी आहे. विंचूदंशातही पट्टी हृदयविकाराच्या झटक्यासारखी दिसू शकते. शेतात काय चावलं हे न विचारता गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर भलतंच होईल. तो प्रश्न विचारू शकतो तो समोर बसलेला डॉक्टर, आणि लांबचा तज्ज्ञ त्याच्याच उत्तरावर विसंबून असतो.

एवढं सांगितल्यावर मला माझ्याच सुरुवातीच्या रागाला थोडी मुरड घालावी लागते. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘क्रिएट’ नोंदणीत देशभरातल्या २०,४६८ रुग्णांची माहिती होती. दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटं, आणि पोचल्यापासून गुठळीचं औषध सुरू होईपर्यंत ५०. म्हणजे मोठं नुकसान पट्टी निघण्याआधीच होतं : ओवा, सोडा, ‘सकाळी बघू’, गाडीची जमवाजमव. मग यंत्राच्या ओळीवर एवढं चिडण्यात अर्थ काय? तरी मी चिडतो, कारण त्या सहा तासांत गावातला पहिला दवाखानाही येतो आणि तिथली चुकलेली पट्टी उरलेले तास गिळते. यंत्राच्या बाबतीतही मी इतकंच म्हणेन, की वाचणारं कुणीच नसेल तेव्हा त्यानं ‘झटका’ छापला तर ते खरं धरून धावावं. त्याच्या ‘नॉर्मल’वर मात्र झोपू नये.

वाचणाऱ्यांना काही विनंत्या आहेत. तुमची जुनी पट्टी फेकू नका. डाव्या बाजूचा ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विजेच्या डाव्या वाटेतला अडथळा, नवा की जुना हे ठरवायला डॉक्टरला तीच लागते. बहुतेक पट्ट्या उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर असतात. उन्हात आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात त्या पुसट होतात, लॅमिनेशन केलं तर काळ्याठिक्कर पडतात. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा, त्यावर नाव-तारीख असू द्या. छातीत, जबड्यात, हातात दुखून घाम फुटला तर दुचाकीवर मागं बसून जाऊ नका, १०८ ला फोन करा. दवाखान्यात पोचल्यापासून दहा मिनिटांत पट्टी निघाली पाहिजे. घरातली बाई असेल तर पडदा मागा, पट्टी काढायला सिस्टरला बोलवायला सांगा. आणि ‘नॉर्मल आहे’ असं सांगितलं गेलं पण दुखणं थांबलेलं नसेल, तर खाटेवरून उठू नका. डॉक्टरांनी स्वतः पट्टी पाहिली का ते विचारा आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरी काढून घ्या.