रविवारी काय करता?

आमच्या पिढीतल्या कितीतरी सरकारी नोकरांचा वाढदिवस १ जूनला येतो. खेड्यात जन्माची नोंद ठेवायची कुणाला फिकीर नव्हती. जूनमध्ये शाळा उघडली की बाप पोराला घेऊन जायचा. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते गुरुजी बघायचे आणि सहा वर्षं पुरी होतील असं साल धरून रजिस्टरात १ जून लिहून टाकायचे. माझी १ जून १९६४ ही तारीख अशीच पडली. आई म्हणायची, तू दिवाळीच्या थोडा आधी झालास. सरकारनं आईचं ऐकलं नाही. आणि नियम असा की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे म्हणजे महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांतला शाल-श्रीफळाचा सण. २०२२ च्या त्या दिवशी भर उन्हाळ्यात खांद्यावर शाल घेऊन मीही घाम पुसत बसलो होतो.

मी साताऱ्याला कोषागारात होतो, त्यातली बरीच वर्षं पेन्शन शाखेत. निरोप समारंभात सत्कारमूर्तीला हटकून विचारतात, "मग, आता पुढं काय?" उत्तरही ठरलेलं असतं. कुणी गावाकडची शेती म्हणतं, कुणी चारधाम, कुणी राहून गेलेलं वाचन, कुणी पेटी शिकणार असतं. मला विचारलं तेव्हा "काही ठरवलं नाही" एवढंच म्हणालो. लोकांना वाटलं, गडी नाराज दिसतोय. नाराज नव्हतो. खिडकीच्या आतून इतके पेन्शनर बघितल्यावर माझं एक मत होऊन बसलं होतं. निवृत्तीनंतर माणूस काय करणार हे त्याच्या त्या दिवशीच्या भाषणावरून कळत नाही. नोकरीत असताना तो रविवारी काय करायचा, त्यावरून कळतं.

हे मत पिकलं ते नोव्हेंबर महिन्यांत. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. बँकेत यादी येते, आपल्या नावासमोर सही किंवा अंगठा करून आपण अजून आहोत हे सरकारला कळवायचं. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' आलं, यंत्रावर बोट टेकवलं की काम झालं. पण जन्मभर रस्त्यावर टिकाव-खोरं चालवलेल्या मैलकुल्याचं बोट त्या यंत्राला वाचता येत नाही. दहाही बोटं लावून बघायची, हात पुसायचे, पुन्हा लावायची, आणि शेवटी आपला जुना कागदच बरा. बँकेतलं आटोपलं की उरलेल्या शंका घेऊन मंडळी आमच्या खिडकीशी यायची. महागाईचा फरक कधी पडणार, विकलेली पेन्शन परत कधी मिळणार. कामाचं बोलून झालं की मी सहज विचारायचो, "बाकी, वेळ कसा जातो?"

त्या उत्तरांत माणसं दिसायची.

पैशाचं नियोजन सगळे करतात, यात वाद नाही. निवृत्तीच्या निदान सहा महिने आधी प्रकरण मुंबईला महालेखापालांकडे जायला हवं, म्हणून सेवापुस्तकाची पानं लावणं, वेतन पडताळणी, ना-देय प्रमाणपत्र यांच्यामागे माणूस वर्षभर हिंडतो. पेन्शन विकायची की नाही यावर घरात रात्र-रात्र चर्चा होते. जास्तीत जास्त ४० टक्के विकता येते, एकरकमी पैसे हातात पडतात आणि कापलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी विकली तर त्र्याहत्तरीत पूर्ण. "म्हणजे त्र्याहत्तर गाठणं आलं," असं म्हणणारा एक तरी विनोदी इसम दरवर्षी भेटायचाच. उपदानाचे पैसे मुलीच्या लग्नाला आणि घराच्या वरच्या मजल्याला जातात. उरले तर पोस्टात, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. तिथली मर्यादा २०२३ च्या एप्रिलपासून १५ लाखांवरून ३० लाखांवर गेली. ती माझ्या निवृत्तीनंतर वाढली, आणि वाढून मला काही फरक पडला असता असंही नाही.

वेळेचा मात्र असा कागद कुणी करत नाही. आणि केला तरी तो भाषणातल्यासारखाच असतो.

आमच्या ओळखीचे एक शाखा अभियंता होते. निवृत्तीला आलेल्या पाव्हण्यांना त्यांनी ठिबकचा नकाशाच दाखवला होता. वडिलोपार्जित तीन एकर, विहीर, आंब्याची कलमं. आता हा माणूस नोकरीत असताना गावाला जायचा तो जत्रेला, तेही बोकड शिजल्यावर. रविवारी सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी राजवाड्यावर चक्कर. दोन हंगाम त्यांनी नेटानं शेत केलं. मग भावकीतल्या एकाला वाट्यानं दिलं. आता ते सकाळी पेपर वाचतात, दुपारी झोपतात, संध्याकाळी राजवाड्यावर भेटतात. मजेत आहेत. कुणी शेतीचं काढलं तर विषय बदलतात, एवढंच.

उलट आमच्याच कचेरीतला शिपाई. शिपाई मंडळी साठीला निवृत्त होतात, आमच्यापेक्षा दोन वर्षं जास्त. याच्या घरी कायम दोन म्हशी. धार काढून, दुधाचा रतीब घालून तो दहाला कचेरीत हजर व्हायचा, आणि रविवारी वैरणीच्या मागे. समारंभात त्याला बोलायला सांगितलं तर "साहेबलोकांनी सांभाळून घेतलं" म्हणाला आणि खाली बसला. पुढची योजना वगैरे काही नाही. आज त्याच्याकडे चार म्हशी आहेत आणि मला तो वेळ देत नाही. फोन केला की म्हणतो, "धारेचा टाइम झालाय, नंतर बोलू."

माझ्या या सिद्धांताला एक भोक आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना रविवारच नसतो त्यांचं काय? पोलीस, परिचारिका, एसटीचे चालक-वाहक. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या एक सिस्टर जिल्हा रुग्णालयातून निवृत्त झाल्या. पहिले कित्येक महिने त्या नुसत्या झोपल्या. मुलगा घाबरला, आईला डिप्रेशन आलं म्हणून डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर ओळखीचेच. म्हणाले, "रात्रपाळ्यांची बाकी फेडतेय ती, फेडू दे." बाकी फिटल्यावर त्या उठल्या, आणि आता सकाळी गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्या ओट्यावर बीपी मोजायला रांग लावून असतात. पैसे घेत नाहीत, बोलणी भरपूर ऐकवतात. एक हवालदार मात्र तीन महिन्यांत एका अपार्टमेंटच्या फाटकावर रखवालदार म्हणून जाऊन बसले. पेन्शन चांगली, मुलं मार्गी लागलेली. घरचे शरमले. मी विचारलं तर म्हणाले, "घरात रात्री जाग येते आन् करायला काय नसतं. हितं जाग आली तर ड्यूटी असती." म्हणजे ज्याला रविवार मिळाला नाही तो नोकरीच पुढे चालवतो. भोक तेवढं बुजलं असं मी धरून चालतो.

सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्यांत आता मीही असतो. हा निवृत्तांचा रस्ता. वळणावळणाला थांबून गुडघ्यांची आणि सुनांची चौकशी होते. ज्येष्ठ नागरिक संघातही नाव घातलं. तिथे महिन्याचे वाढदिवस एकदम साजरे होतात; जूनमध्ये सत्कारमूर्ती खुर्च्यांत मावत नाहीत, कारण वर सांगितलंच. मधुमेहावर व्याख्यान आणि त्यानंतर जिलेबी, असाही कार्यक्रम मी पाहिला आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटी फुकट झाली, तेव्हापासून संघातले दोघे-तिघे कायम प्रवासातच. सकाळची गाडी पकडून पंढरपूर, कोल्हापूर, नरसोबाची वाडी, रात्री घरी. एक जण तर देवालाही उतरत नाहीत असा माझा संशय आहे. खिडकीची जागा मिळाली की त्यांना तेवढं पुरतं. माझी गंमत वेगळी. बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे आणि आम्हा पुरुषांना पासष्टी गाठावी लागते. त्यामुळे बायकोबरोबर कुठंही निघालो की तिचं अर्धं, माझं पूर्ण. ती वाहकाकडून दोन्ही तिकिटं स्वतः घेते आणि माझं माझ्या हातात देते.

घरातला दिवस तिचा होता, हे मला निवृत्तीनंतर समजलं. साडेनऊला माझा डबा गेला की दोन वाजेपर्यंत घर तिचं असायचं. बहिणींशी फोन, शेजारणींची ये-जा, मालिकेचा दुपारचा भाग. मी पहिल्याच आठवड्यात बैठकीत पेपर पसरून बसलो तेव्हा ती फोन घेऊन मागच्या दारी जायला लागली. भांडण नाही, काही नाही. मीच मग माळ्यावरचं टेबल खाली काढलं आणि बाहेरच्या ओसरीत नेऊन मांडलं. दहा ते एक मी ओसरीत. तिला घर परत मिळालं आणि मला, बघता बघता, खिडकी.

कारण माझा रविवार काय होता, ते सांगायचं राहिलं. नोकरीत असतानाही रविवारी सकाळी कुणी ना कुणी पिशवी घेऊन घरी यायचं. "भाऊसाहेब, एवढा अर्ज बघता का?" गावाकडचे, भावकीतले, बायकोच्या मावशीचे दीर. त्यात जास्त करून बाया. नवरा पेन्शनर होता, गेला, आता कुटुंब निवृत्तिवेतनाचं काय करायचं? १९८२ चे निवृत्तिवेतन नियम मला बऱ्यापैकी पाठ आहेत; दुसरं कुठलंही पुस्तक नाही. ते रविवार आता सोमवार ते शनिवार झाले.

मागच्या पावसाळ्यात एक बाई आल्या. मिस्टर पाटबंधाऱ्यात कालवा निरीक्षक होते. कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत, त्यात मृत्यूचा दाखला, पासबुक, पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, घडी पडून चिरलेली प्रत आणि कशाकशाच्या पावत्या. नावाचा घोळ नेहमीचाच. लग्नात बदललेलं नाव पीपीओवर, जन्माचं नाव मतदार यादीत, आणि आधारवर तिसरंच, घरात हाक मारायचं. मग तिन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र. बँकेचं खातं दोघांच्या नावावर होतं हे बरं, नवीन काढायची पायपीट वाचली. अर्जात ओळखीच्या खुणा लिहायच्या असतात. मी विचारलं तशी त्यांनी डावी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना व्रण. "चुलीवर पडले होते, नवीन लग्न झालेलं," म्हणाल्या. सुनेला हे माहीत नव्हतं. ती बाजूला उभी राहून बघतच राहिली. मी लिहिलं, "डाव्या हातावर भाजल्याचा व्रण." अर्जात तेवढीच जागा असते.

पेन्शन किती मिळणार, म्हणून त्यांनी विचारलं. मालक निवृत्तीनंतर चार वर्षांत, बासष्टीत गेले होते. तेव्हा मृत्यूपासून सात वर्षं किंवा ते हयात असते तर पासष्टीला पोचले असते तोवर, यातलं जे आधी येईल तितके दिवस वाढीव दरानं, त्यानंतर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, वर महागाई. मी हे सांगत होतो आणि त्या बोटांवर मोजत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांचं वय अजून चालूच हाय म्हणा की सरकारात." माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हा नियम कुणी इतका नीट समजून घेतला नव्हता.

कधी कधी कचेरीतला एक तरुण सहकारी संध्याकाळी येऊन बसतो. तो १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला, म्हणजे जुनी पेन्शन त्याला नाही. २०२३ च्या मार्चमधल्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत घसा बसेपर्यंत ओरडला होता. आम्हाला निवृत्तीनंतर महिन्याला किती येणार हे आधी काढता यायचं, त्याचं बाजारावर. त्यामुळे आमच्यापेक्षा तो हुशारीनं पैसे लावतो, मोबाईलवर आलेख दाखवतो. मी विचारलं, "रविवारी काय करतोस?" तर म्हणाला, "काय नाय, पोराला क्लासला सोडतो आणि क्लास सुटेपर्यंत गाडीत मोबाईल बघत बसतो." मी पुढं काही बोललो नाही. त्याचं पोर अजून सातवीत आहे, वेळ आहे त्याला.

त्या पाटबंधाऱ्यातल्या बाईंची पेन्शन सुरू झाली, थकबाकीसकट. पेढे घेऊन आल्या, अर्थातच कंदी. बरोबर व्याहीणबाईंना घेऊन आल्या होत्या. त्यांचे मालक बांधकाम खात्यात, नोकरीत असतानाच गेलेले, आणि सेवापुस्तकाची सुरुवातीची पानं कुठल्याशा बदलीत गहाळ. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांचा पुरावाच नाही. मी त्यांना जुन्या पगारपत्रकांची नक्कल मिळते का ते बघायला सांगितलं आहे; तेव्हाचे लेखापाल कोरेगावला राहतात असं समजलंय. येत्या गुरुवारी त्यांच्याकडे जायचं ठरलं आहे. एसटीनं. पूर्ण तिकीट काढून.