चिमट्याचा कौल

कानाला कुबडी लावणाऱ्या कलावंतानें मैफलींत बसूं नये, असें माझें मत मीं गेल्या हिंवाळ्यांत हरसूलला जातांना पुतण्याला मोटारींत ऐकविलें. निमित्त होतें त्याच्या गिटारीच्या डोक्याला लावलेला एक काळा चिमटा. तार छेडली कीं त्याच्या इवल्या काचेवर काटा हालतो आणि स्वर चढला कीं उतरला तें दाखवितो. पुतण्या नुसता हंसला. वडिलांना उत्तर न देण्याची रीत आमच्या घरांत अजून थोडीशी उरली आहे.

हरसूलच्या एका शाळेच्या पटांगणांत आधीं माझीं दोन भजनें आणि मग त्याचें वादन व्हावयाचें होतें. समोर पोरांचा गलका, मागें जनरेटरची घरघर, आणि डोंगराकडून येणारा गार वारा! गारठ्यानें पोलादी तार आंखडते व स्वर चढतो. घरून लावून आणलेल्या वाद्याचा मग भरंवसा धरवत नाहीं. पुतण्यानें ध्वनिवर्धक बंद ठेवून मिनिटभरांत सहाही तारा जुळविल्या. तो चिमटा हवेंतला आवाज ऐकतच नाहीं, लांकडाची थरथर तेवढी ओळखतो. म्हणून भोंवतालच्या गलक्याची त्याला बाधा नाहीं.

मी मात्र तंबोऱ्याशीं झगडत होतों. जोडीच्या तारांत किंचित् अंतर असलें कीं स्वरांत एक लाट उठते, आणि ती विरली म्हणजे जोड जुळली, असें मीं वर्षानुवर्षें शिकविलें आहे. त्या सायंकाळीं मला लाट ऐकूं येईना; अर्थात् जोड जुळली, असें मी समजलों.

"काका, एकदां पाहूं का?" पुतण्या हळूच म्हणाला. त्यानें चिमटा लावला. एक तार उतरलेली होती! त्यानें मणी सरकवून ती सारखी केली आणि म्हणाला, "या जनरेटरपुढें कुणालाच ऐकूं यायचें नाहीं."

परतल्यावर त्या रात्रीं, सारें घर निजल्यानंतर, मीं तंबोरा पुन्हां लावला आणि तो चिमटा चोरासारखा आणून त्याला अडकविला. तार उतरलेलीच होती. आणि तेथें जनरेटर नव्हता.

दुसऱ्या दिवशीं मीं पुतण्याला खरें तें सांगितलें. त्यानें सांत्वन केलें नाहीं. "मग काय ऐकायचें तें मला शिकवा," एवढेंच तो म्हणाला.

तेव्हांपासून आमचा धडा सुरू आहे. खर्जाच्या तारेंतून स्वयंभू गंधार उमटतो, तो मीं त्याला प्रथम दाखविला. गिटारीच्या पडद्यावरचा गंधार याहून सुमारें १४ सेंट चढा असतो. अर्ध्या स्वराचे सेंट १००. चिमट्याची मोजपट्टी त्या पडद्यांप्रमाणेंच आंखलेली, तेव्हां तिच्या लेखीं तंबोऱ्याचा गंधार उतरलेला! आणि जवारीच्या दोऱ्याविषयीं तर तिला कांहींच सांगतां येत नाहीं. ज्या मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचा प्राण या जवारींत असतो. ती कानानेंच साधावी लागते.

आतां रोज सकाळीं पुतण्या चिमटा लावून जोड जुळवितो आणि मी दोरा सरकवितों. सरकवितां सरकवितां विचारतों, "आला का गंधार?"

तो डोळे मिटून क्षणभर थांबतो. "आला, काका."

मग मी गावयास बसतों.