शिराळ्याच्या बांधावर बॅटरीचा झोत

सांगली जिल्ह्यातले शिराळा म्हटले की तुम्हांला नागपंचमी आठवणार. पूर्वी तिथे जिवंत नागांची पूजा होई. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना अभय मिळाले आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांची मिरवणूक थांबली. बांधावरचे साप मात्र आहेत तिथेच आहेत.

शेतीखात्याच्या कामाने मी शिराळ्याला जातो, तेव्हा पिशवीत कागदांबरोबर दोन-तीन बॅटऱ्या असतातच. कोणत्या बॅटरीचा झोत कसा पडतो, हे ताडून पाहण्याचा मला जुना नाद आहे. घरची मंडळी हसतात!

शिराळ्यात समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आहे. देवळाच्या झरोक्यांतून उगवत्या आणि मावळत्या सूर्याचा उजेड मूर्तीच्या मुखावर पडतो, असे सांगतात. उजेड किती यापेक्षा तो पडतो कुठे, याला महत्त्व आहे. मला हे एका रात्री कळले.

रात्रपाळीच्या विजेवर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या उसाला पाणी चालले होते. मी नवी बॅटरी घेऊन पुढे चाललो होतो. तिचा झोत थेट पलीकडच्या आंब्याच्या शेंड्याला भिडत होता. मी मोठ्या ऐटीत तो दाखवीत होतो, इतक्यात मागून आवाज आला, "साहेब, थांबा! पाय उचलू नका."

त्यांच्या जुन्या दोन सेलच्या बॅटरीचा उजेड पिवळट, पण पसरट होता. त्यात माझ्यापुढे दोन हातांवर घोणस वेटोळे घालून पडलेली दिसली. आम्ही स्तब्ध उभे राहिलो. थोड्या वेळाने ती उसात सरकली. मला आंबा दिसला होता, पायापुढची घोणस दिसली नव्हती.

याचे कारण साधे आहे. दिव्यामागची चकचकीत वाटी खोल आणि गुळगुळीत असली की उजेड एकवटून लांब जातो. वाटी उथळ किंवा खरबरीत असली की तो जवळच पसरतो. शिवाय पसरणारा उजेड दुप्पट अंतरावर चौथाईच उरतो. म्हणून "पाचशे मीटर झोत" हे दुकानदाराचे बोलणे ऐकून भुलू नका. रात्री पाणी पाजणाऱ्याला पहिली दहा पावलेच महत्त्वाची.

बॅटरी घेताना ही परीक्षा घरीच करा. अंधार पडल्यावर मुलांना अंगणात, गवतात जुन्या दाव्याचे पाच तुकडे टाकायला सांगा. मग नेहमीच्या चालीने चालत जा आणि किती तुकडे दिसले ते मोजा. पाचही दिसले, तर बॅटरी कामाची. हात कमरेखाली ठेवून बॅटरी धरा. उजेड तिरका पडला की सावली लांब होते आणि साप उठून दिसतो. सेल मंदावण्याची वाट पाहू नका, आणि पायांत गमबूट हवेतच.

एवढे करूनही दंश झालाच, तर जखम कापू नका, करकचून बांधू नका, मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका. माणसाला चालू न देता तडक सरकारी दवाखान्यात न्या. सर्पविषावरचे प्रतिविष तिथे मिळते.

त्या रात्रीपासून माझी लांब झोताची बॅटरी घरी खुंटीला टांगलेली असते. बांधावर मी पसरट उजेडाचीच नेतो. तुमच्या घरची कोणती आहे, ते आज रात्रीच पाहा.