भरल्या घराची भांडी

स्वयंपाकाची गणना आपण कलेत करतो, त्यावर ग्रंथ लिहितो, आणि कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’सारखे पुस्तक नव्या संसाराच्या सामानात आवर्जून ठेवतो, परंतु त्याच स्वयंपाकानंतर मोरीत उष्ट्या-खरकट्या भांड्यांचा जो ढीग साचतो, त्याची व्यवस्था लावणे हेही ज्ञानाचे, हिशेबाचे आणि तारतम्याचे काम आहे, हे सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. मला ते उमगले आमच्या पुण्याच्या घरातील डिशवॉशर भरता भरता, आणि तेव्हापासून हे काम मी आवडीने व निष्ठेने करीत आलो आहे. त्याविषयी मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात एवढेच, की यंत्र पुरते भरावे, भांडे ठेवण्याजोगी एकही जागा वाया दवडू नये. मात्र ते भरले की नाही याचा निवाडा उरलेल्या जागेवरून न करता पाण्याच्या वाटेवरून करावा.

2020 च्या मार्चअखेरीस टाळेबंदीचा हुकूम झाला, आमच्याकडे वर्षानुवर्षे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना वस्तीबाहेर पडण्याची मुभा राहिली नाही, आणि त्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला पोचता करण्याची तजवीज झाली तरी भांडी मात्र घरातल्यांच्या अंगावर आली. त्या वर्षी शहरांतील कित्येक कुटुंबांनी हे यंत्र घेतले, त्यांत आमचेही एक. यंत्र दारात आले तेव्हा थोरल्या वहिनींनी जी शंका काढली ती अगदी मुळावरच बोट ठेवणारी होती. त्या म्हणाल्या, “भावजी, आपली भांडी यात बसायची कशी?” यंत्रावर 14 जणांची भांडी मावतील असे लिहिलेले होते खरे, परंतु ते चौदाजण युरोपीय टेबलावर जेवणारे, त्यांच्या वाट्याला एक पसरट बशी, एक सूपची खोलगट, एक गोडाची लहान, कपबशी, पेला आणि काटे, सुऱ्या, चमचे. आपले ताट त्या बशीहून रुंद आणि त्याला उभा काठ. आपली वाटी खोल आणि बुडाशी सपाट. आणि पातेली, कुकर, कढया, झारे, डाव यांचा तर त्या मोजणीत समावेशच नाही. जाळीच्या दात्यांमधील अंतर ज्याने मुक्रर केले, त्याच्या डोळ्यांसमोर आपली पंगत नव्हती. तेव्हा आपल्या पंगतीला त्या जाळीत सामावून घेण्याचे काम आपणच करावयाचे, हे उघड होते, आणि त्यासाठी प्रथम यंत्राचे अंतरंग समजून घेणे अवश्य होते.

त्या अंतरंगात घासणारा हात कोठेच नाही. तळाशी एक खळगा असतो. त्यात थोडेसे पाणी येते, तापते, आणि पंप तेच पाणी पुन:पुन्हा उचलून खालच्या व वरच्या कप्प्यांखालील दोन लांबट पात्यांत चढवतो. पात्यांवर तिरकी भोके असतात. त्यांतून पाण्याची धार जोराने सुटते तेव्हा तिच्याच उलट रेट्याने पाते गरगर फिरू लागते, त्याला फिरवणारी वेगळी मोटर लागत नाही. हाताचा जोर जेथे नाही तेथे त्याची उणीव तीन गोष्टी भरून काढतात: उष्णता, रसायन आणि वेळ. तुपाचा थर उष्णतेने वितळतो. भाताची पेज आणि डाळीचा साका यांना पावडरीतील एन्झाइमे फोडतात, आणि ही एन्झाइमे आपल्या लाळेत व जठरात अन्न पचवणाऱ्यांच्याच जातीची असतात. त्यांना आपले काम पुरे करावयास अवधी हवा, म्हणूनच यंत्र दोन-दोन, तीन-तीन तास चालते. कूपनलिकेचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर त्यातील चुना भांड्यांवर पांढरा उमटतो, त्याच्या बंदोबस्तासाठी यंत्राच्या पोटात रेझिनचे बारीक मणी असतात. ते चुना धरून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात पाण्याला सोडियम देतात, आणि ते मणी पुन्हा ताजेतवाने व्हावेत म्हणून त्यांच्या खणात मीठ भरावे लागते.

या सर्व खटाटोपाला एकंदरीत सुमारे 10 ते 15 लिटर पाणी पुरते, आणि यंत्र अर्धे भरलेले असले तरी पाणी व वीज यांचा खर्च निम्म्यावर येत नाही. भर उन्हाळ्यात खडकवासल्याचा साठा किती उरला याची चर्चा घरोघरी चालते त्या शहरात राहणाऱ्याने अर्धे यंत्र लावणे हे मला अनुचित वाटते. पूर्ण भरण्याचा माझा आग्रह आहे तो या जमाखर्चातून आलेला आहे. परंतु जे पाणी इतके थोडे आहे आणि ज्याला फक्त सरळ रेषेत उडता येते, त्याला प्रत्येक भांड्यापर्यंत जाण्याची वाट मोकळी न ठेवाल, तर भरलेले यंत्र उघडल्यावर निम्मी भांडी पुन्हा मोरीत जातात आणि सारी काटकसर फुकट जाते. बागाईत करणारा शेतकरी वाफे पाडतो ते शेवटच्या वाफ्याला पाटाचे पाणी पोचेल अशा बेताने. यंत्र भरणाऱ्याचीही दृष्टी तीच असावी.

ही दृष्टी एकदा आली म्हणजे बाकीचे नियम आपोआप सुचत जातात. भांड्याचा मळलेला भाग पात्याच्या दिशेने तिरपा असावा. वाट्या एकीत एक बसता कामा नयेत, कारण आतल्या वाटीला पाण्याचा थेंबही दिसत नाही. त्या वरच्या कप्प्यात दात्यांना रेलून, एकीची कड दुसरीच्या पाठीला जेमतेम स्पर्शेल इतक्या अंतराने, ओळीने लावाव्यात. ताटे खाली उभी करावीत आणि त्यांच्या काठामुळे दात्यांची एक फट सोडून पुढच्या फटीत दुसरे ताट घ्यावे. त्या सोडलेल्या फटीत बशी किंवा कुकरच्या भांड्यावरची पातळ झाकणी सुखाने राहते, आणि जागाही वाया जात नाही. पातेली कोपऱ्यांत उपडी ठेवावीत, परंतु अगदी आडवी नकोत, नाहीतर बुडाच्या खोलगट भागात पाणी साचून राहते. चमचे काही दांडा वर व काही दांडा खाली असे मिसळून ठेवले म्हणजे एकमेकांना चिकटून बसत नाहीत. लांब दांड्याचा डाव उभा केला तर जाळीतून खाली घसरतो आणि पात्याला अडसर होतो. त्याला वरच्या कप्प्यात आडवे निजवावे. कुकरची शिट्टी व रबरी रिंग काढून वेगळी करावी. आणि दार लावण्यापूर्वी दोन्ही पाती बोटाने एकदा फिरवून पाहावीत. ती कोठेही न अडखळता पुरा फेरा घेतात, हाच यंत्र नीट भरल्याचा खरा दाखला.

या विद्येची कसोटी लागते ती गौरीपूजनाच्या दिवशी. आमच्याकडे त्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्यांचा नैवेद्य, कटाची आमटी, पंचामृत, अळूचे फदफदे, आणि माहेरी आलेल्या बहिणी, भाच्या व त्यांची मुले धरून दोन पंगती उठतात. गेल्या गौरींत दुसरी पंगत उठली तेव्हा ओट्यावर ताटांची चळत आणि तिच्याशेजारी भांड्यांचा डोंगर उभा होता. मी पुतण्याला हाताशी घेतले. प्रत्येक ताटातील खरकटे त्याने बोटाने निपटून डब्यात टाकले, कारण भाताची शिते गाळणीत अडकली तर तेच पाणी पुन्हा वर चढताना मंदावते. ताटे आधी विसळून लखलखीत करण्याचे मात्र कारण नसते, पावडरीला काम करावयास काहीतरी उरले पाहिजे. मग आम्ही मोठ्यांपासून लहानांकडे या क्रमाने लावीत गेलो: आमटीचे पातेले, पुरणयंत्र सुटे करून त्याच्या दोन्ही जाळ्या, ताटे, मग वरती वाट्या, फुलपात्रे, तुपाची तामली, आणि कडेच्या पट्ट्यावर झारा व डाव.

खालचा कप्पा भरत आला तेव्हा पुतण्या म्हणाला, “काका, अजून एक पातेलं सहज बसेल.” जागा खरोखरच होती. मी त्याला खाली वाकून पात्याच्या उंचीवरून पाहावयास सांगितले. “बसेल रे,” मी म्हटले, “पण त्याच्यामागच्या त्या सगळ्या ताटांना मग पाणी कुठून मिळणार?” त्याने पुष्कळ वेळ खाली डोके घालून पाहिले, पातेले बाजूला ठेवले आणि त्याच जागेत दोन ताटल्या व एक वेळणी अशा कोनात लावली, की पाण्याची वाट मोकळी राहून जागाही भरून निघाली. तो कोन मलाही सुचला नव्हता. खणात पावडर घालताना तिचा चिमूटभर अंश आमटीच्या पातेल्याच्या ओल्या, पिवळ्या काठावर सांडला आणि पाहता पाहता तो डाग विटकरी लाल झाला. हळदीवर क्षार पडला की तिचा रंग असा पालटतो, हे मी त्याला दाखवले. शाळेच्या प्रयोगशाळेत जे तो हळदीच्या कागदावर शिकला होता, ते त्याने घरच्या पातेल्यावर प्रत्यक्ष पाहिले.

रचनेला मी इतके महत्त्व देतो याला इतिहासाचाही आधार आहे. आनंदीबाई जोशी ज्या 1886 साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्याच सालच्या 28 डिसेंबरला अमेरिकेतील इलिनॉय संस्थानातील शेल्बिव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रन या विधवा बाईंना भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. त्यांच्या आधीही लाकडी, हाताने फिरवावयाची यंत्रे होऊन गेली होती. कॉक्रनबाईंनी वेगळे काय केले, तर बश्या, कप, थाळ्या यांची मापे घेऊन त्या त्या मापाचे तारेचे कप्पे वाकवले, ते एका चाकावर बसवले, चाक तांब्याच्या मोठ्या पात्रात ठेवले आणि तापलेले साबणाचे पाणी त्या कप्प्यांवर सोडले. आरंभ पाण्यापासून न होता भांड्याच्या मापापासून झाला, म्हणून यंत्र कामाचे ठरले. 1893 च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या यंत्रांनी भोजनगृहांची भांडी धुतली आणि पारितोषिकही मिळवले. प्रथम गिऱ्हाइके लाभली ती मोठमोठ्या हॉटेलांची, कारण एवढे गरम पाणी पुरवण्याची सोय त्या वेळी सामान्य घरांत नव्हती. प्रत्येक भांड्याला त्याची नेमकी जागा, हा त्या बाईंचा मूळ विचार आजही यंत्राच्या पोटात कायम आहे. आपण भारतीय भांडी घेऊन तेथे जातो तेव्हा तो विचार आपल्या मापांनी पुढे चालवावा लागतो, इतकेच.

सर्वच भांडी यात घालावीत असे मात्र नाही. लोखंडी तवा यंत्रातून काढला की गंजतो आणि त्यावर जमलेला तेलाचा संस्कार जातो. ॲल्युमिनियमची कढई काळवंडते. लाकडी पोळपाट-लाटणे फुगते व चिरते. पितळेची पूजेची उपकरणी निस्तेज होतात. आणि तांब्याचे तोंड अरुंद व पोट मोठे असल्याने आतपर्यंत धार जात नाही. टाळेबंदी उठल्यावर मावशी पुन्हा येऊ लागल्या, त्या या भांड्यांचे काम आजही आपल्या हातांनी करतात, आणि यंत्राविषयी त्यांचे मत मी कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक मानतो. आयुष्यभर भांडी हाताळलेल्या माणसाला भांड्याच्या आकाराचे जे ज्ञान असते, ते पुस्तकी माणसाला सहजी येत नाही. पहिल्यांदा भरलेले यंत्र पाहून त्या म्हणाल्या होत्या, “तोंड पाण्याकडं, बूड भिंतीकडं, म्हणजे झालं.” मी वर जे इतके विस्ताराने लिहिले त्याचा सारांश त्या एका वाक्यात आहे.

गौरी या माहेरवाशिणी. त्यांना आपण मखरात मानाने बसवतो, पैठणी नेसवतो, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो. माझ्या लहानपणी मात्र त्याच दिवशी घरच्या खऱ्या माहेरवाशिणी, माझ्या आत्या, जेवणे आटोपताच पदर खोचून मोरीत बसत आणि दिवेलागणीपर्यंत राखेने पातेली घासत राहत, आणि या वहिवाटीत काही विसंगत आहे असे आम्हा पुरुषमंडळींना कधी वाटलेही नाही. यंत्राने ही वहिवाट आपोआप मोडली असती असे मी समजत नाही. ते भरण्याचे काम पुन्हा बायकांच्याच गळ्यात पडले असते तर मोरीची जागा फक्त ओट्याने घेतली असती. म्हणून आमच्याकडे आता असा शिरस्ता आहे, की जो जेवला त्याने आपले ताट निपटून स्वतः जाळीत लावावे, ते लावताना आपल्यामागच्या भांड्याला पाणी पोचते आहे ना हे पाहावे, आणि सणाच्या दिवशी यंत्र भरणे व रिकामे करणे ही जबाबदारी घरच्या पुरुषांनी आणि मुलांनी उचलावी. गेल्या गौरींत यंत्र दोनदा लागले, आणि तेवढ्या वेळात माझ्या दोघी बहिणी वहिनींसह पुढच्या खोलीत पाय पसरून गप्पा मारत बसल्या होत्या. सणाचा मान त्यांना मिळाला तो असा, आणि तो दरवर्षी असाच मिळत राहावा एवढ्यासाठी तरी घरातील प्रत्येक मुलाला पोळी खाण्याबरोबर यंत्र नीट भरण्याचीही विद्या आली पाहिजे.