मामाजींची छोटी लाइन

घरात एखाद्याला छंद असला की त्याच्यावरची धूळ कोण पुसतं, हे मी तुम्हांला सांगायला नको. कुणाकडे जुनी नाणी असतात, कुणाकडे कुंड्या. आमच्या गोंदियाच्या घरी वरच्या खोलीत आख्खं रेल्वे स्टेशन आहे. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, रेल्वेतून निवृत्त झाले आणि फळ्या-तारा घेऊन वर जे चढले ते जेवायलाच खाली यायचे. बारा फूट लांब, साडेतीन फूट रुंद फळीवर त्यांनी छोट्या लाइनचं गोंदिया उभं केलं. आता थोरल्या मुलाचं लग्न ठरलंय, ती खोली नव्या जोडप्याला हवी. तेव्हा हे सारं मोडण्याआधी मोबाइलवर त्याची नीट फिल्म काढून ठेवायची, असं ठरलं.

छोटी लाइन म्हणजे अडीच फुटी रुळांची. बंगाल नागपूर रेल्वेनं १९०३ पासून ती गोंदियाहून नैनपूर, पुढे जबलपूरकडे नेली. नागभीड-चांदाफोर्टकडची लाइनही तशीच होती. ती १९९०च्या दशकात मोठी झाली. मग बालाघाटपर्यंतची मोठी झाली, आणि २०१५ साली त्यापुढची छोटी गाडीही थांबली. ज्यांचं माहेर त्या बाजूला आहे, त्यांना ते लाकडी बाक आठवत असतील! नागपूरला मोतीबागेत या गाड्यांचं संग्रहालय आहे, २००२ सालचं. मुलांना एकदा जरूर दाखवा.

मामाजींचं सगळं ८७व्या हिश्श्याचं. म्हणजे अडीच फुटी रूळ तिथे नऊ मिलिमीटरचे होतात, आणि तुमच्या-माझ्यासारखी बाई पावणेदोन सेंटिमीटरची. रूळ आणि इंजिनाचं यंत्र तेवढं विकतचं. डबे लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे. (आमच्याकडे आलेली एकही पत्रिका धड राहिली नाही.) वापरलेली चहापत्ती धुऊन, वाळवून माती केली. रुळांखालच्या खडीला आधी माझ्या डब्यातला रवा नेला होता, मापात अगदी बरोबर बसायचा, पण मुंग्यांनी दोन दिवसांत सगळी लाइन उचलली. मग चाळलेली वाळू आली.

आता फिल्मचं. तुमच्याकडे रेल्वे नसेल, पण महालक्ष्म्यांपुढची आरास असेल, मुलांचा किल्ला असेल. तिथेही हे उपयोगी पडेल. आधी पंखा बंद करा. आवाज येतो आणि कापसाचे ढगही उडतात. मोबाइलच्या भिंगावर आपल्या हाताचं तेल असतं, ते मऊ कापडानं पुसा. ट्यूबलाइटखाली पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. आम्ही ती मालवून सकाळचा खिडकीचा उजेड घेतला. रूळही आदल्या दिवशी स्पिरिटनं पुसले, कारण इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते आणि जरा कचरा असला की गाडी अडखळते.

गाडी पळवायची मात्र नाही. तासाला तीस किलोमीटर जाणारी गाडी या मापात सेकंदाला जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर जाते, म्हणजे एक वीतभर जायला दोन सेकंदांहून जास्त. धाकट्याला ते फार सावकाश वाटलं. त्याला वरून गाणंही लावायचं होतं. मी म्हटलं, गाणी कुठेही मिळतात, आजोबांचा आवाज कुठे मिळणार?

पण आवाज मिळवणं हीच खरी अडचण. मोबाइल समोर धरला की मामाजी ताठ व्हायचे आणि वर्षं, इंजिनांचे नंबर असं घडाघडा म्हणायचे, जणू साहेबांपुढे उभे आहेत. दोनदा असं झालं. तिसऱ्या वेळी मी मोबाइल त्यांच्याकडे नाही, यार्डाकडे धरला आणि सहज विचारलं, "मामाजी, गाडी चार-चार तास उशिरा यायची, तेव्हा लेकुरवाळ्या बाया करायच्या काय?" झालं! फलाटावर पेटणाऱ्या शेगड्या, धानाच्या पोत्यांवर निजलेली पोरं, कोण कुणाला ओळखीचं निघालं, सगळं येत गेलं, आणि बोलता बोलता त्यांचे हात आपोआप सांधा बदलत होते. ते हात फिल्ममध्ये आले याचा मला गाडीपेक्षा जास्त आनंद आहे.

मग धाकट्यानं एक युक्ती केली. मोबाइल उलटा, डोकं खाली करून रुळालगत टेकवला, म्हणजे भिंग अगदी जमिनीलगत येतं. वरून आपल्याला नुसती छपरं दिसतात. असं पाहिलं तर छपराखालचं सगळं दिसतं! शेडमधल्या बाकाजवळ एक बाई उभी होती, हिरवं लुगडं, पायाशी पत्र्याची पेटी. मी इतकी वर्षं ब्रशनं त्या छपरावरची धूळ झाडतेय, पण आत कोण उभं आहे ते वरून दिसायची सोयच नव्हती.

सासूबाई बालाघाटच्या. लग्न होऊन याच गाडीनं आल्या होत्या. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी मामाजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "ती पेटी जरा मोठी झाली, मापात नाही बसत." एवढंच. धाकट्यानं तेही टिपलं आहे, आणि मी ते काढू दिलं नाही.

फिल्म एकवीस मिनिटांची झाली. एक प्रत ह्यांच्या मोबाइलवर, एक पेन ड्राइव्हमध्ये घालून माझ्या दागिन्यांच्या डब्यात ठेवली आहे. तुम्हीही दोन ठिकाणी ठेवा. मोबाइलचं काही सांगता येत नाही.

सोमवारी सुतार येतोय. फळीचे चार तुकडे होतील. फलाटाचा तुकडा बैठकीत टीव्हीवरच्या फळीवर बसतो का, ते मी टेपनं मोजून पाहिलं. दोन इंच कमी पडतात. तिथली फुलदाणी हलवावी लागेल.